इंडी पॉपमध्ये सिंगल खरं की अल्बम? (ऐकणारे आणि गाणी काढणारे, दोघांसाठी)

तीन_मिनिटं (धागाकर्ता)

यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या आपल्या गटात हा वाद सारखा निघतो आणि दरवेळी ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून मिटवला जातो. (नव्यांसाठी: इंडी पॉप म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर, छोट्या लेबलवर किंवा स्वतः काढलेलं गिटारी पॉप. सिंगल म्हणजे सुटं काढलेलं एक-दोन गाण्यांचं प्रकाशन.) माझ्या मते हा नुसत्या आवडीचा प्रश्न नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी लांबीचं बघू. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी (लाँग प्ले तबकडी) आणली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची सात इंची काढली. तेव्हापासून या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक चहा व्हायच्या आत संपते आणि उलटली की दुसरं गाणं लागतं. दुसरीला बैठक मारावी लागते. इंडी पॉपवाल्यांनी सात इंची धरली ती पैशामुळे हे खरंच आहे. दोन गाण्यांचं स्टुडिओभाडं निघतं, बारा गाण्यांचं निघत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सारा रेकर्ड्स या छोट्या लेबलचं (रेकॉर्ड कंपनीचं) उदाहरण सगळ्यात स्वच्छ. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी ते १९८७ मध्ये सुरू केलं. प्रत्येक प्रकाशनाला क्रमांक. सारा १ म्हणजे सी अर्चिन्स या बँडचं ‘प्रिस्टीन क्रिस्टीन’. पुढचे क्रमांक बहुतेक सात इंची तबकड्यांचे, मधले काही फॅन्झीनचे (चाहत्यांनी काढलेली छोटी मासिकं), आणि सारा ५० हा बोर्डावर खेळायचा खेळ. १९९५ मध्ये सारा १०० काढलं आणि ठरवून दुकान बंद केलं. सिंगलवरचं गाणं ते सहसा अल्बमवर घेत नसत. ज्या पोराने खिशातले पैसे देऊन सिंगल घेतलं, त्याला तेच गाणं अल्बमसोबत पुन्हा विकायचं नाही, ही त्यामागची भूमिका. याच लेबलच्या फील्ड माइसचा ‘फॉर कीप्स’ (१९९१) हा अल्बम तेवढा ऐकून त्या बँडबद्दल मत बनवणाऱ्याला त्यांची निम्मी ताकद कळत नाही, कारण ती सिंगलांवर आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की या संगीतात सिंगल म्हणजे अल्बमची जाहिरात नव्हे, ते पूर्ण काम आहे. अल्बमला अल्बम म्हणायचं असेल तर एक कसोटी सुचवतो. त्यातलं कुठलंही एक गाणं उचलून बाजूला ठेवा. उरलेल्यांत भोक पडलं तर अल्बम. नाही पडलं तर ते गाठोडं आहे, आणि गाठोड्यातली गाणी सुटी ऐकण्यात काही गैर नाही.

गौळण_ते_भैरवी

कसोटी मान्य, पण ‘अल्बमला अल्बम म्हणायचं असेल तर’ या शब्दांत तुम्ही पुरावा द्यायची सगळी जबाबदारी अल्बमवर टाकली आहे.

गावात रात्रीच्या भजनाला कोणी शफल (क्रम विस्कटून गाणी) लावत नाही. आधी जय जय रामकृष्ण हरी, मग रूपाचे अभंग, मध्ये गौळण, उजाडताना भैरवी. तीच भैरवी रात्री नऊला म्हटली तर सूर तेच असतात, पण ती लागत नाही. क्रम हा रचनेचा भाग असतो हे आपल्या भागातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियन या बँडकडे बघा. १९९६ मध्ये ‘टायगरमिल्क’ हा अल्बम निघाला, फक्त १००० एलपी. त्याच वर्षी ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’. १९९७ मध्ये लगोलग तीन ईपी (तीन-चार गाण्यांची छोटी प्रकाशनं), आणि त्यांतली जवळजवळ सगळी गाणी अल्बमवर नाहीत. म्हणजे एकाच बँडने दोन्ही रूपं वेगळी ठेवून हाताळली. पुढे २००५ मध्ये १९९७ ते २००१ च्या ईपी एकत्र करून ‘पुश बारमन टु ओपन ओल्ड वुंड्स’ आला. तो सलग ऐकला की तिसऱ्या ईपीपर्यंत दमायला होतं, गाणी एकाहून एक असूनही. कारण दर तीन-चार गाण्यांनी नवी सुरुवात आणि नवा शेवट येतो. तो संग्रह एका बैठकीला एक ईपी असाच ऐकावा. ‘सिनिस्टर’ मात्र तोडून ऐकवत नाही.

मराठीत ‘गारवा’ हा अल्बम घ्या, मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा. गाण्याआधी सौमित्रचं कवितावाचन येतं आणि त्याच्या शेवटच्या ओळीवर गाणं उचललं जातं. शफलवर टाकलं की वाचन एकीकडे, गाणं तिसरीकडे. तुमची कसोटी तिथे लावून बघा.

डीपी_जळाली

भाऊ, तुमचं दोघायचं बरोबर हाये. पण इथं टावर सकाळी पाच ते सात अन् रात्री अकराच्या नंतरच नीट चालते. दिवसभर गाणं मधातच गोल फिरून राहते. सिंगल असो का अल्बम, आधी फोनात उतरवून ठेवा लागते. मंग अल्बमले डाटा किती लागते ते कोणी हिशोबानं सांगा.

कान_आणि_कूलर

@डीपी_जळाली, हिशोब सोपा आहे भाऊ. चाळीस मिनिटांचा अल्बम धरा. स्पॉटिफायच्या ‘नॉर्मल’वर (९६ केबीपीएस) साधारण २९ एमबी, ‘हाय’वर (१६०) ४८ एमबी, ‘व्हेरी हाय’वर (३२०) ९६ एमबी. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल केली तर तोच अल्बम ४२० एमबीच्या वर जातो, फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता आकार कमी केलेली फाइल) त्याच्या निम्म्याच्या आसपास. गिटारची किणकिण हा या संगीताचा जीव आहे आणि ९६ वर झांजा आणि वरच्या तारा चुरचुरतात. म्हणून १६० च्या खाली जाऊ नका. महिन्याला चार अल्बम उतरवले तरी दोनशे एमबी पुरतात.

अडतं कुठे ते सांगतो. डाउनलोडची सोय पैसे भरलेल्या खात्यातच आहे, आणि फोन ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन आला नाही तर उतरवलेली गाणी बंद पडतात. मेळघाटात, धारणीच्या पलीकडे राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सेटिंगमध्ये डाउनलोडचा दर्जा आणि स्ट्रीमिंगचा दर्जा वेगवेगळा असतो. बरेच जण स्ट्रीमिंगचा वाढवतात, डाउनलोडचा तसाच ठेवतात आणि मग ‘आवाज बसका येतो’ म्हणतात. अल्बम ऐकताना क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू. क्रॉसफेड पाच सेकंद ठेवलं की आधीच्या गाण्याची शेवटची तार पुढच्याच्या ढोलाखाली गाडली जाते.

आवाज समान करण्याची सोय चालूच ठेवा. अल्बम क्रमाने लावला की स्पॉटिफाय सगळ्या अल्बमला एकच पातळी लावतं, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. तीच गाणी प्लेलिस्टमध्ये टाकली की प्रत्येक गाणं वेगळं मोजून −१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) जवळ आणलं जातं, आणि अंगाईसारखं गाणं मोठ्या गाण्याइतकंच मोठं होऊन बसतं. ‘अल्बममध्ये आवडलं होतं, प्लेलिस्टमध्ये का नाही’ याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

शेवटचं, एका ब्लूटूथ डब्यावर ऐकू नका. डावं-उजवं एक होताना दोन कडांना ठेवलेल्या गिटारी मधल्या आवाजाच्या मानाने मागे पडतात. साधे वायरवाले इअरफोन त्याहून बरे.

सहावं_गाणं

दारव्हा-दिग्रस भागातल्या एका बँडची सहा गाणी तयार आहेत. वऱ्हाडी शब्द, दोन गिटार, एक कीबोर्ड, ढोलकीऐवजी डफडं. एकूण २२ मिनिटं. सहा सिंगल काढावीत की एकदम सहा? आणि वितरकाच्या (गाणी अ‍ॅपांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये काय चुकतं? नेमकं सांगा.

मास्टर_कॉपी

ताई, आधी नाव ठरवून घ्या. एक ते तीन गाणी, प्रत्येक दहा मिनिटांच्या आत आणि एकूण तीस मिनिटांच्या आत असलं की ते दुकानांत, म्हणजे गाण्यांच्या अ‍ॅपांवर, सिंगल म्हणून लागतं. चार ते सहा गाणी तीस मिनिटांच्या आत म्हणजे ईपी. सात किंवा जास्त गाणी, किंवा तीस मिनिटांच्या वर, म्हणजे अल्बम. तुमची सहा गाणी २२ मिनिटांची, म्हणजे ती ईपीच दिसणार. अ‍ॅपल म्युझिक तर शीर्षकापुढे ते स्वतःच लावतं. सातवं गाणं ओढूनताणून करू नका. इंडी पॉपमध्ये ईपीला कमी लेखत नाहीत. व्हेन चाय मेट टोस्ट या बँडने दोन ईपी काढल्यावर पहिला अल्बम २०२० मध्ये काढला. गायक प्रतीक कुहाडच्या ‘कोल्ड/मेस’ या ईपीमध्येही (२०१८) सहाच गाणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिलं सिंगल पाठवण्याआधी सहाही गाण्यांचं मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळवणी करून पक्की फाइल बनवणं) एकत्र करून घ्या. कारण असं. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक असतो. सिंगल म्हणून निघालेलं गाणं पुढे ईपीत घेताना तोच आयएसआरसी, तीच फाइल, तेच शीर्षक आणि तीच लांबी दिली तरच आधीचे ऐकल्याचे आकडे नव्या पानावर जोडले जातात. सिंगल आज मास्टर केलं, बाकीची पाच तीन महिन्यांनी, तर पातळी जुळत नाही. मग जुनंही पुन्हा मास्टर करावं लागतं, म्हणजे फाइल बदलली, आणि आकडे दोन जागी फुटले. शीर्षकात ‘सिंगल व्हर्जन’ वगैरे जोडलं तरी तोच घोटाळा.

याच्या उलट, ईपीत एक गाणं दुसऱ्यात न थांबता मिसळत असेल, तर सिंगलसाठी त्याला वेगळा शेवट लागेल. ते वेगळं रेकॉर्डिंग, त्याला वेगळा आयएसआरसी. इथे आकडे फुटणारच, आणि ते फुटू द्यावेत. @तीन_मिनिटं यांची कसोटी इथे फॉर्मवर लिहून सापडते: ज्या गाण्याला सुटं काढताना नवा शेवट द्यावा लागतो, ते गाणं अल्बमचं.

पद्धत म्हणाल तर धबधबा करा. पहिल्या महिन्यात गाणं क्रमांक १. दुसऱ्या महिन्यात दोन गाण्यांचं प्रकाशन, नवं वर, जुनं खाली, जुन्याचा आयएसआरसी तोच. तिसऱ्यात तीन. मग उरलेली तीन धरून पूर्ण ईपी. प्रत्येक प्रकाशनाला यूपीसी (प्रकाशनाचा क्रमांक) नवा, गाण्याचा आयएसआरसी कायम. जुनी सुटी प्रकाशनं लगेच उतरवू नका. ईपीच्या पानावर आकडे जुळलेले दिसले की मगच.

तारखांचं म्हणाल तर स्पॉटिफायच्या संपादकीय (त्यांचे संपादक गाणी निवडतात त्या) प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते खात्यात दिसायला हवं, आणि एका वेळी एकच न निघालेलं गाणं सुचवता येतं. सहा गाण्यांची ईपी एकदम काढली तर पाच गाण्यांची ती संधी गेली. धबधब्यात चार वेळा मिळते. वितरकाकडे फाइल तीन-चार आठवडे आधी द्या, म्हणजे परत आली तर दुरुस्तीला वेळ राहतो.

फाइल परत येते ती बहुधा या कारणांनी: मुखपृष्ठ ३००० × ३००० पिक्सेलपेक्षा लहान, त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ किंवा दुकानाचा लोगो, मुखपृष्ठावर एक नाव आणि फॉर्ममध्ये दुसरं. बँडचं नाव एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये दिलं तर दोन कलाकार-पानं तयार होतात आणि ती जोडून घेण्यात महिने जातात. एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. भाषा मराठी निवडा, वऱ्हाडी नसते म्हणून हिंदी निवडू नका. वेव्ह २४ बिट, टोक −१ डीबीच्या वर नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एमपीथ्री वेव्ह करून पाठवू नका. फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी संस्था) तशीच नोंद करा.

तीन_मिनिटं

उत्तम. ‘नवा शेवट द्यावा लागतो ते गाणं अल्बमचं’ हे मी माझ्या कसोटीत जोडून घेतो.

पैशाचंही इथेच. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते. २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदला मिळत नाही. हे प्रत्येक गाण्याला वेगळं लागू आहे. लहान बँडच्या बारा गाण्यांच्या अल्बममध्ये तीन गाणी हजारावर आणि नऊ खाली राहिली, तर त्या नऊंचं शून्य. चार सिंगल काढली तर ऐकणारे तेवढेच असूनही प्रत्येक गाण्याला हजार गाठायची संधी जास्त. म्हणजे आजचं गणित सिंगलच्या बाजूचं आहे, आणि त्याचा सारा रेकर्ड्सच्या तत्त्वाशी काही संबंध नाही. माझ्या बाजूचं असूनही हे गणित मला आवडत नाही. तत्त्वाने निवडलेलं सिंगल वेगळं, गणिताने लादलेलं वेगळं.

गौळण_ते_भैरवी

म्हणूनच चाहत्यांनी अल्बम बँडकॅम्पवर (बँड स्वतः गाणी विकतात ते संकेतस्थळ) विकत घ्यावा. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं, बाकी बँडला. २०२० च्या मार्चपासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. एकदा घेतलेली फ्लॅक फाइल तुमचीच, ३० दिवसांत ऑनलाइन यायची भानगड नाही. @डीपी_जळाली, ही तुमच्या कामाची गोष्ट. परदेशी व्यवहार सुरू असलेलं कार्ड तेवढं लागतं. गटात कोणा एकाचं असेल तर त्याच्याकडून घ्या, पण प्रत्येकाने आपली प्रत आपल्या पैशाने घ्या. एक फाइल पन्नास फोनांत फिरवली तर तो पाठिंबा नव्हे.

बँडकॅम्पवर गाण्यांचा क्रम बँड ठरवतो आणि पानावर शब्द, श्रेय, फोटो राहतात. एलपीच्या पाकिटाच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच आहे.

फेल्टची_गादी

कॅसेटबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून. इंडी पॉपच्या एका अख्ख्या पिढीचं नाव कॅसेटवरून पडलं: ‘सी८६’, ब्रिटनच्या एनएमई या संगीत-साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेली, २२ बँडांची २२ गाणी. पहिलंच गाणं प्रायमल स्क्रीमचं ‘व्हेलॉसिटी गर्ल’, दीड मिनिटाच्या आतलं, आणि मुळात ते एका सिंगलची मागची बाजू होतं. म्हणजे सिंगलची पाठ संग्रहाचं तोंड झाली.

@सहावं_गाणं, कार्यक्रमात विकायला पन्नास कॅसेट काढणार असाल तर २२ मिनिटांसाठी सी-६० (साठ मिनिटांची, बाजूला तीस) नको. दोन्ही बाजूंना सगळी सहा भरली तर प्रत्येक बाजूला आठ मिनिटं कोरी फीत उरते, आणि ऐकणारा ती पुढे पळवत बसतो. तीन-तीन गाणी वाटा, बाजूला अकरा मिनिटं. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी धावते, म्हणजे ११ मिनिटांना ३१.४ मीटर. शेवटी थोडी मोकळी धरून ३३ मीटर भरून घ्या. पाच स्क्रूंची खोळ घ्या, चिकटवलेली नको. फीत अडकली तर उघडता येते.

नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीची पारदर्शक पट्टी. ती चुंबकीय नसते, तिच्यावर काहीच उमटत नाही. प्ले-रेकॉर्ड दाबून लगेच गाणं सोडलं की पहिला शब्द जातो. तपकिरी फीत हेडसमोर (फितीवरचा आवाज उमटवणारा-वाचणारा भाग) येईपर्यंत पेन्सिलीने चाक फिरवा, वर आणखी दोन सेकंद जाऊ द्या, मग गाणं सोडा. हेडसमोर धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टची बारीक गादी असते. जुन्या खोळीत तिचा गोंद सुकून ती गळते. मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज आत-बाहेर होतो. लोक हेडला दोष देतात आणि स्क्रू पिळून हेडचा कोन बिघडवतात. आधी गादी बघा.

कान_आणि_कूलर

त्यात भर. मे महिन्यात टिनाखालच्या पेटीत एलपी किंवा कॅसेट ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना टिनाखाली त्याहून जास्त तापतं आणि आडवी रचलेली तबकडी वाकते. मधल्या खोलीत, उभी, भिंतीपासून हातभर लांब. आणि कूलरच्या वाऱ्यासमोर तर मुळीच नको. ओल धरून फितीवर बुरशी येते, खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात. ती फीत तशीच लावली तर बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

शीळ_मेहकर

या धाग्यात सगळे ब्रिस्टल-ग्लासगो करून राहिले, म्हणून बुलढाण्याचं सांगतो. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता ना. घ. देशपांड्यांची, मेहकरचे. जी. एन. जोशींनी ती गायली आणि १९३० च्या दशकात तबकडी घरोघरी वाजली. मराठी भावगीत ज्या गाण्यांपासून मोजतात त्यांतलं हे. आणि ते सिंगलच होतं! अल्बम नाही, नाटक नाही, सिनेमा नाही, एक कविता आणि तीन-साडेतीन मिनिटांची बाजू. ना. घं.चा ‘शीळ’ हा संग्रह पुस्तकरूपाने आला १९५४ मध्ये. आधी सुटं गाणं लोकांच्या तोंडी, मग कित्येक वर्षांनी गाठलेलं पुस्तक. @सहावं_गाणं, तुमचा धबधबा आपल्याकडे तेव्हाच वाहून गेलेला आहे.

डीपी_जळाली

हे लय मोठं सांगतलं भाऊ. आता वाचनालयात बसून आयकाचं असन तर कसं करा लागते तेही सांगा. लग्नाचा डीजेचा डब्बा मिळते, दुसरं काही नाही.

गौळण_ते_भैरवी

चालतो, पण तो ढोलाच्या ठोक्यासाठी लावलेला असतो. बास आठ-दहा डीबी उतरवा, मधला आणि वरचा सपाट ठेवा. किणकिणत्या गिटारीचा कस एक ते पाच किलोहर्ट्झमध्ये असतो, बास चढा राहिला की तो झाकला जातो. डब्बे दोन मागवा आणि जमिनीवर न ठेवता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, बाकावर, सात-आठ फूट अंतराने. फोनपासून मिक्सरपर्यंत वायर, ब्लूटूथ नको. फोन विमान मोडवर, नाहीतर फोन आला की अल्बम थांबतो. आधी दोन सिंगल लावा, मध्ये बोला. मग अल्बम, आणि त्यात बोलणं नाही. शब्द छापून प्रत्येकाच्या हातात द्या. इंग्रजी गाणी असतील तर मराठी भावार्थ शेजारी.

कूलर बंद ठेवावाच लागतो, त्याच्या घरघरीत हळू गाणं ऐकू येत नाही. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत लोक वीस मिनिटं बसतात, त्यापुढे चुळबुळ सुरू होते. म्हणून अल्बम एलपीसारखा दोन बाजूंत तोडा, पाचव्या-सहाव्या गाण्याशी. तिथे पाच मिनिटं थांबा, कूलर लावा, टाकीत पाणी घाला. मग तो बंद करून दुसरी बाजू.